मशेरीची डबी आणि लोहाची गोळी : एका गरोदरपणाचं प्रकरण

उत्तर गोव्यातल्या एका आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी असतानाचं हे प्रकरण, मशेरीचं, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूच्या पुडीचं. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. बाईला सुलभा म्हणू. यात आमच्या हातून जे निसटलं तेही जसंच्या तसं ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

सुलभा २३ वर्षांची. माहेर दोडामार्ग तालुक्यातलं, सासर पेडण्यातलं. पहिलंच गरोदरपण. नवरा मोपा विमानतळावर कंत्राटी कामाला, कामाची पाळी असेल तसा येणारजाणारा. सासू काजूच्या कारखान्यात बिया फोडायला बसायची. काजूच्या तेलानं तिची बोटं कायमची काळवंडलेली. हे मुद्दाम सांगते, कारण त्या घरात काळं बोट कुणाच्या नजरेत येण्यासारखं नव्हतंच.

दहाव्या आठवड्यात तिची नोंदणी झाली. वजन ४१ किलो, उंची १५० सेंटिमीटर, रक्तदाब ११०/७०, हिमोग्लोबिन ९.४. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात आणि ७ ते ९.९ असेल तर मध्यम रक्तक्षय. अशा बाया आमच्याकडे रोज येतात. रोज येतात म्हणूनच त्यांच्याकडे पुरेसं बघितलं जात नाही, हे मला उशिरा कळलं.

नोंदणीच्या कागदावर तीन प्रश्न होते: तंबाखू खाता का, विडी-सिगारेट ओढता का, दारू घेता का. तिन्हींपुढे ‘नाही’. दारूच्या प्रश्नावर ती जराशी घुटमळली होती, असं नर्सला नंतर आठवलं. सर्दी झाली तेव्हा सासूनं गरम पाण्यातून चमचाभर फेणी दिली होती, ती दारूत धरायची की औषधात, हा तिचा प्रश्न. गोव्यात हा प्रश्न खराच आहे. गरोदरपणात दारूचं सुरक्षित असं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही, त्यामुळे चमचाही नको, एवढं सांगून तो विषय मिटला. तंबाखूवर मात्र ती क्षणभरही अडखळली नाही.

दुसऱ्या तिमाहीपासून नेहमीचं सगळं सुरू झालं. लोह ६० मिलिग्रॅम आणि फॉलिक ॲसिड ५०० मायक्रोग्रॅमची लाल गोळी रोज, कॅल्शियम दोन वेळा, जंताची एक गोळी. थॅलेसेमिया आणि सिकल सेलची तपासणी करून घेतली, ती स्वच्छ आली.

अडचण

विसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन ९ होतं आणि सव्विसाव्यात ८.४. गोळ्या चालू असताना खाली येत होतं. मी विचारलं, “गोळ्या घेतेस ना?” ती म्हणाली, “घेतंय, बाई.” रिकाम्या पाकिटांचा हिशेब जुळत नव्हता. मी केसपेपरवर लिहिलं: ‘गोळ्या नियमित घेत नाही. समज दिली.’

ते वाक्य आजही त्या कागदावर आहे. पहिला चुकलेला टप्पा तोच. का घेत नाही, हे मी विचारलं नाही.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात टेपनं गर्भाशयाची उंची मोजली, ती साडेचोवीस सेंटिमीटर भरली. विसाव्या आठवड्यानंतर ही उंची साधारण आठवड्यांच्या आकड्याएवढी असते आणि तीनपेक्षा जास्त फरक पडला की सोनोग्राफी करायची. केली. बाळाचं अंदाजे वजन त्या आठवड्याच्या मानानं दहाव्या शतमकाच्या खाली, म्हणजे शंभरातल्या सगळ्यात लहान दहा बाळांमध्ये होतं, पाणी ठीक होतं, नाळेतला रक्तप्रवाह डॉप्लरवर ठीक होता. म्हणजे बाळ वाढत होतं, पण कमी.

बारीक चणीची आई, रक्तक्षय, त्यामुळे बाळ लहान, असं स्पष्टीकरण आयतंच हाताशी होतं. मी ते जवळजवळ स्वीकारलंही होतं. पुढची गोष्ट आमच्या एएनएम नर्समुळे कळली. आशा योजना देशभर आली तेव्हा गोव्यात ती राबवली गेली नाही, त्यामुळे घरोघर जायचं काम इथे नर्सवर आणि अंगणवाडीवर. पावसाळ्याचे दिवस होते. भिजलेली छत्री ओट्यावर ठेवून ती आत गेली तर सुलभा मागीलदारी बसून बोटानं दात घासत होती. दुपारचे तीन वाजले होते. नर्सनं विचारलं, “आत्ता कसले दात घासतेस गो?”

बामच्या रिकाम्या डबीत काळी, कोळशासारखी बारीक पूड होती. मशेरी. सुलभानं डबी लपवली नाही, उलट दाखवली. नर्स म्हणाली, “तू तर तंबाखू खात नाय म्हणून सांगितलंस.” त्यावर तिचं उत्तर: “तंबाखू खंय खातंय? मशेरी लावतंय, दातांक.”

तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि चुरडायची, एवढीच मशेरीची कृती. माझी आजी लावायची. भाजायच्या दिवशी घरभर ठसका उठायचा आणि आम्ही पोरं अंगणात पळायचो. लहानपणी कित्येक रात्री तिच्या कुशीत त्या वासात झोपले आहे. तरीही ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नातून आजीसुद्धा सहीसलामत निसटली असती, हे मला कधी सुचलं नाही.

नर्सनं वेळा मोजून घेतल्या. दिवसातून सहा, कधी सात. प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं हिरड्यांवर आणि त्यातला बराचसा रस पोटात. गरोदरपणाआधी दोनच वेळा लावायची, सकाळी आणि रात्री.

दोनाच्या सहा वेळा कशा झाल्या, त्यातच या प्रकरणाचा गाभा आहे. सुरुवातीला मळमळायचं. मशेरी लावली की तोंडाची चव बदलते, बरं वाटतं. मग हिरड्या सुजून रक्त येऊ लागलं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे तसं होतंच, पण घरातला उपाय मशेरीच. मग पोट साफ होईना. निकोटीननं आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून सकाळी मशेरी लावल्याशिवाय परसाकडे होत नाही हे कोकणातल्या कितीतरी बायांकडून ऐकायला मिळतं. त्यात गरोदर बाईचं शरीर निकोटीन नेहमीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे आधीची मशेरी जितकी पुरायची तितकी आता पुरत नाही. वेळा आपोआप वाढतात.

आणि यात आमचा हातभार होता. लोहाच्या गोळीनं बद्धकोष्ठ होतं. सुलभाचं झालं. त्यावर तिनं दोन गोष्टी केल्या: गोळी एक दिवसाआड केली आणि मशेरी वाढवली. मशेरीनं भूक मरते म्हणून जेवण आणखी कमी झालं. हिमोग्लोबिन खाली गेलं आणि मी ‘समज दिली’.

कोणते मार्ग होते

दुसऱ्या दिवशी केंद्रात आम्ही तिघं बसलो: मी, नर्स आणि एक ज्येष्ठ सहकारी डॉक्टर. सहकाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. बाळ पोटातच दगावेल असं स्पष्ट सांगा, भीतीनं सुटेल. निकोटीन वार ओलांडून बाळाकडे जातं, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, तंबाखू चघळणाऱ्या-लावणाऱ्या बायांमध्ये कमी वजनाची, वेळेआधी जन्मलेली आणि मृत जन्मलेली बाळं जास्त आढळतात, हे सगळं खरंच आहे. पण मला धास्ती वेगळी होती. इतकं ऐकवल्यावर ती पुढच्या वेळी डबी दाखवणार नाही. आता जी बाई आपणहून वेळा मोजून सांगते आहे, ती ‘सोडली’ म्हणेल आणि आम्ही पुन्हा आंधळे होऊ.

सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूनंही प्रश्न केला. मुंबईत गरोदर बायांवर झालेला एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. त्यात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या बायांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं होतं. “शंभर ग्रॅमसाठी एवढा आटापिटा?” असं ते म्हणाले. सरासरी म्हणून शंभर ग्रॅम किरकोळ वाटतात. पण ४१ किलोच्या आईचं, आधीच मागे पडलेलं बाळ असेल तर तेच शंभर ग्रॅम मोठे होतात.

निकोटीनचं च्युइंगम द्यावं का, यावरही बोललो. एरवी तंबाखू सोडवताना ते उपयोगी पडतं. गरोदरपणात त्याच्या उपयोगाचा आणि सुरक्षिततेचा पुरावा तोकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ च्या मार्गदर्शनात समुपदेशनाची शिफारस केली, पण या च्युइंगमबाबत बाजूनं किंवा विरोधात काहीच ठरवून सांगितलं नाही. शिवाय मशेरीच्या बाईला सहा वेळा च्युइंगम म्हणजे नवी सवय लावल्यासारखंच. नुसत्या बोलण्यानं जमलं नाही तर बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या (गोमेकॉ) मानसोपचार विभागाशी बोलून मग विचार करायचा, असं ठरलं.

एका दिवसात बंद की हळूहळू? पुस्तक म्हणतं पूर्ण बंद, तारीख ठरवून. मला तेच बरोबर वाटतं. सुलभाशी बोलल्यावर मात्र आम्ही दोन टप्प्यांवर आलो, कारण सकाळची मशेरी तिच्या लेखी औषध होती. औषध काढून घ्यायचं तर आधी दुखणं बघायला हवं.

सगळ्यात अवघड प्रश्न घरचा होता. मशेरी भाजायची सासू. तिला सांगायचं की नाही? नर्सचं मत पडलं, सांगून टाकू. सुलभा म्हणाली, “सासूक सांगू नका. ती म्हणतली, माका चार पोरां झाली मशेरी लावून.” तिच्या परवानगीशिवाय सांगायचं नाही, हे आम्ही पाळलं. पण तव्यावर दर पंधरवड्याला तंबाखू भाजली जात असेल त्या घरात एकट्या सुनेनं सोडायची, हे कितपत होणार याचा अंदाज आम्हालाही होताच.

काय केलं

आधी लोहाचा तोंडी मार्ग बंद केला. गरोदरपणाआधीचं वजन, हिमोग्लोबिनची तूट आणि साठा धरून हिशेब साधारण ७५० मिलिग्रॅमचा आला. आयर्न सुक्रोजचे २०० मिलिग्रॅमचे चार डोस, एक दिवसाआड, सलाईनमधून दिले. बद्धकोष्ठासाठी लॅक्टुलोज, भरपूर पाणी, जेवणात लाल भाजी आणि उसळ. हिरड्यांसाठी मऊ ब्रश आणि मिठाच्या गुळण्या. छातीत जळजळ होती, तिला वेगळं औषध. यातलं काहीच तंबाखू सोडवण्याचं औषध नाही. पण मशेरी ज्या कामांसाठी लावली जात होती ती कामं आधी दुसऱ्या कुणाला तरी द्यायची होती.

सलाईन लावलेलं असताना तास-दीड तास ती खाटेवर पडून असायची. केंद्रात कुणाला एवढा वेळ मिळतो? समुपदेशन खरं झालं ते तिथे. नर्स शेजारी स्टूल घेऊन बसायची. कुठली वेळ सोडायला सोपी, कुठली अवघड, असं बोलणं चालायचं. दुपारची आणि चारची सोपी निघाली, कारण ती निव्वळ वेळ जावा म्हणून होती. त्या आधी गेल्या. सकाळची शेवटी ठेवली.

बोटानं हिरड्या चोळण्याची सवय ही वेगळीच गोष्ट निघाली. तलफ चार दिवसांत उतरली तरी हात तोंडाकडे जायचा. नर्सनं सुचवलं, घरची राखुंडी दे, तंबाखूशिवायची. मला ते पटत नव्हतं. राखुंडी खरखरीत, दातांवरचं आवरण झिजवते. पण पोटातल्या बाळाला राखुंडीचा त्रास नाही. दोन-तीन आठवड्यांपुरतं, असं म्हणून मी मान्य केलं. दंतवैद्य वाचत असतील तर त्यांची क्षमा मागते.

तिसाव्या आठवड्यात ती दिवसाला एकवर आली. एकतिसाव्यात तीही बंद. पहिले तीन दिवस डोकं दुखलं, झोप नाही, नवऱ्याशी भांडण. चौथ्या दिवशी एकदा लावली आणि स्वतःच नर्सला फोन करून सांगितलं. तेवढ्यानं नेम मोडला असं आम्ही धरलं नाही. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा टोल-फ्री क्रमांकही दिला होता. तिनं एकदाच लावला. अनोळखी माणसाशी बोलायला लाज वाटते म्हणाली.

सासूचं काय? सलाईनच्या तिसऱ्या दिवशी सुनेसोबत ती आली होती. मी तिचा रक्तदाब बघितला, मग सहज म्हणावं तसं, “काकी, तोंड उघडा बघू.” उजव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, खरवडून न जाणारा. सुनेचा विषय न काढता मशेरीचा विषय निघाला तो असा. ही थोडी लबाडीच होती, पण चट्टा खोटा नव्हता. तिला बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात पाठवलं. तुकडा काढून तपासला, कर्करोग नव्हता. तिथल्या डॉक्टरांनी मशेरी बंद करायला सांगितलं. तिनं बंद केली नाही, पण भाजणं शेजारणीच्या घरी हलवलं. सुनेच्या दृष्टीनं तेवढंही पुष्कळ झालं.

आणखी एक निर्णय माहेरचा. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्या महिन्यात ओटी भरून तिची आई न्यायला आली होती. बाळाची वाढ मागे पडलेली असताना दर दोन आठवड्यांनी डॉप्लर व्हायला हवा होता आणि पेडण्याहून ते सोपं होतं. आम्ही आईला समजावलं आणि सुलभा थांबली. दोडामार्गच्या बायाही शेवटी अडचणीला बांबोळीलाच येतात, हा मुद्दा आईला पटला.

निकाल

चौतिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.३ झालं. बाळाची वाढ दहाव्या शतमकाच्या खालीच राहिली, पण रेषा वर चढत होती, सपाट झाली नव्हती. डॉप्लर शेवटपर्यंत ठीक. बाळाच्या हालचाली मोजायला शिकवलं होतं, ती कॅलेंडरवर रेघा मारून ठेवायची.

छत्तीस आठवडे पाच दिवसांवर रक्तदाब १४२/९२ भरला. चार तासांनी पुन्हा १४०/९०. लघवीत प्रथिनं किंचित. १०८ बोलावून गोमेकॉत पाठवलं. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, चार दिवसांवर आली होती आणि घरात गणपतीवर बांधायच्या माटोळीची तयारी चालली होती, त्यामुळे नवरा जरा कुरकुरला, पण गेला. सदतीस आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणून नैसर्गिक बाळंतपण झालं. मुलगी, २.२ किलो. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचीच. पहिल्या दिवशी साखर थोडी उतरली, दुधावर सावरली. आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवलं. पाचव्या दिवशी घरी.

मशेरी सोडल्यामुळे किती ग्रॅम वाचले, हे एका बाळावरून सांगता येत नाही. रक्तदाबाचा संबंध मशेरीशी जोडायलाही मला आधार नाही.

बाराव्या दिवसानंतर ती माहेरी गेली. तिथे आई, काकू, आजी, सगळ्या मशेरीवाल्या. बाळंतिणीला शेक, धुरी, डिंकाचे लाडू आणि पोट साफ व्हावं म्हणून मशेरी. सुलभानं पुन्हा सुरू केली.

वेगळं काय करता आलं असतं

कागदावरचा प्रश्न. ‘तंबाखू खाता का’ या प्रश्नात मशेरी बसत नाही, तपकीर बसत नाही, दात घासायची तंबाखूची पेस्ट बसत नाही. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे, गुटख्यावर गोव्यात २००५ सालीच बंदी आली. घरच्या तव्यापर्यंत यातला कुठलाच कायदा पोचत नाही. तिथे पाकीट नाही, त्यामुळे इशाऱ्याचं चित्रही नाही. आम्ही कागदावर हातानं चौथा प्रश्न लिहायला सुरुवात केली: दात कशानं घासता, दिवसातून किती वेळा? दोनपेक्षा जास्त आकडा आला की पुढे विचारायचं. हे पहिल्या भेटीत विचारलं असतं तर अठरा आठवडे हातात होते.

गोळीचा प्रश्न. विसाव्या आठवड्यात ‘घेतेस ना’ ऐवजी ‘घेतल्यावर काय होतं’ एवढं विचारलं असतं तर बद्धकोष्ठ तेव्हाच कळलं असतं. लोहाची सलाईनही तेव्हाच सुरू करता आली असती.

नवऱ्याला आम्ही बाजूलाच ठेवलं. तो मशेरी लावत नव्हता, म्हणून त्याचा संबंध नाही असं गृहीत धरलं. तंबाखूची पानं म्हापशाच्या बाजारातून आणायचा तो. हे मला बाळंतपणानंतर कळलं.

माहेरचा विचार आम्ही फक्त बाळंतपणापुरता केला, सव्वा महिन्याचा केला नाही. गरोदरपणात सोडलेली तंबाखू बाळंतपणानंतर परत येते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. तिच्या आईशी तासभर डॉप्लरबद्दल बोललो, त्यात पाच मिनिटं मशेरीवर बोलायला हवं होतं.

राखुंडीबद्दल अजून माझं मत होत नाही. नर्स म्हणते तिच्यामुळेच जमलं.

दीड महिन्याच्या लसीला सुलभा मुलीला घेऊन आली. वजन ३.३ किलो, अंगावरच दूध. मी काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं, “दोनदा लावतंय, बाई. सकाळी नि रात्री.” निकोटीन दुधातून उतरतं, पण म्हणून दूध तोडायचं नाही, लावायचीच असेल तर पाजून झाल्यावर आणि हात-तोंड धुऊन, असं सांगितलं. नर्सनं पुढची तारीख विचारली. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात सासरी येतंय, तेव्हा बघूया. कागदावर नर्सनं लिहिलं: मशेरी, दिवसातून २.